दहा महिने फोर के डिस्क प्लेयर वापरल्यावर: कुठल्या डिस्क घ्या, कुठल्या सोडा

मागच्या गणपतीत मावसभाऊ न्यू जर्सीहून रत्नागिरीला आला तेव्हा त्याच्या बॅगेत दरवेळची चॉकलेटं आणि बदाम यांच्या मधोमध टॉवेलात गुंडाळलेला एक फोर के ब्लू-रे प्लेयर होता. मीच आणायला सांगितलेला, पैसे आधीच पाठवले होते. नवरा म्हणाला, लोक घरातल्या डिस्क भंगारात देतायत आणि तू बाहेरून मागवतेस. त्याचं म्हणणं तसं चूक नव्हतंच. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेयर बनवणं सोडलं, २०१९ मध्ये सॅमसंग बाहेर पडलं, २०२४ च्या शेवटी एलजीनेही आवरतं घेतलं, आणि नेटफ्लिक्सची अमेरिकेतली ती पोस्टाने डीव्हीडी पाठवायची सेवा सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाली. आपल्याकडे तर मुंबईचं ते गाण्या-सिनेमांचं दुकान, ऱ्हिदम हाऊस, २०१६ च्या फेब्रुवारीतच गेलं. म्हणजे दुकान बंद होताना शेवटचं गिऱ्हाईक शिरावं तशी मी शिरले.

तरी घेतलाच. आता दहा महिने झाले, तेवीस डिस्क झाल्या, त्यातल्या चार पश्चात्तापाच्या. ओळखीतले दोघंतिघं विचारत होते की घ्यावा का आणि घेतला तर त्यावर काय बघावं, प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी बँकेत नोकरी करते, सिनेमाशी संबंध फक्त बघण्यापुरता, तेव्हा फार टेक्निकल अपेक्षा ठेवू नका.

घ्यायचं कारण काय झालं तर, एका ॲपवर मी एक जुना पिक्चर यादीत टाकून ठेवलेला, रविवारी बघू म्हणून, आणि रविवारी उघडलं तर गायब. पैसे भरून गायब. तेव्हा डोकं फिरलं. दुसरं कारण नंतर कळलं, ते चित्राचं. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फोर केसाठी १५ एमबीपीएसचं नेट पुरे. शंभर जीबीच्या फोर के डिस्कला १२८ पर्यंत वाव असतो. प्रत्येक डिस्क तेवढं वापरते असं नाही, पण अंधाराचा सीन, धूर, पाऊस, धूळ असल्या ठिकाणी फरक डोळ्यांना दिसतो. दिवाणखान्यात दोघं बसून बोलतायत असला पिक्चर असेल तर नाही दिसत, खोटं कशाला बोलू.

आता रिजनची भानगड, कारण इथेच सगळे आपटतात आणि मीपण आपटले. साध्या ब्लू-रेला जगाचे तीन तुकडे केलेत. अमेरिका, जपान वगैरे ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, आणि आपण चीन-रशियाबरोबर सी. मला बघायच्या होत्या त्या बऱ्याच डिस्क अमेरिकेतल्या, ए रिजनला लॉक केलेल्या, म्हणून मुद्दाम अमेरिकेतलाच प्लेयर मागवला. फोर के डिस्कला रिजन नसतो, ती कुठलीही कुठेही चालते. हे एवढं लक्षात ठेवलंत तरी पुष्कळ. मी नाही ठेवलं. ब्रिटनमधून एक साधी ब्लू-रे मागवली, कस्टमची ड्युटी भरली, तीन आठवडे वाट बघितली, आणि घातल्यावर टीव्हीवर एक ओळ आली की ही डिस्क इथे चालणार नाही. ती आता कपाटात आहे. कव्हर सुंदर आहे.

अमेरिकेतला प्लेयर घेणार असाल तर मागे व्होल्टेज काय लिहिलंय ते बघून घ्या. माझा फक्त ११० वर चालणारा निघाला, त्यामुळे मध्ये स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मर लावलाय, तो टीव्हीमागे बारीक गुणगुणत असतो. शांत सीनला ऐकू येतो. सासूबाईंना वाटायचं सिनेमातच भुंगा आहे.

आणि डिस्क घालण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदनिंग का काय ते बंद करा, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते. ते चालू असलं की सगळा सिनेमा संध्याकाळच्या मालिकेसारखा गुळगुळीत पळतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा आणि विषय संपवा. मी पहिले दोन आठवडे हे न करता बघत होते आणि म्हणत होते यात काय एवढं.

आता डिस्क. सगळ्यात पहिली शिफारस, आणि बाकी काहीच नाही घेतलंत तरी ही घ्या, सत्यजित राय यांची अपू त्रयी, क्रायटेरियन या जुन्या सिनेमांच्या डिस्क काढणाऱ्या अमेरिकन कंपनीची. साध्या ब्लू-रेवर २०१५ ला आली, आता फोर केमध्येही आहे. हिची गोष्टच वेगळी आहे. १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबला आग लागली, त्यात या तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. जळकी रिळं कोणी फेकली नाहीत, अमेरिकेत ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या संग्रहात तशीच ठेवून दिली. वीसेक वर्षांनी इटलीत बोलोन्याच्या लॅबमध्ये ती आखडलेली, ठिसूळ झालेली फिल्म परत मऊ करून, कडा हाताने दुरुस्त करून स्कॅन केली. ‘पथेर पांचाली’च्या निगेटिव्हचा साधारण ४० टक्के भाग वापरता आला, ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून जास्त, आणि तिसऱ्याचं, ‘अपूर संसार’चं, काहीच नाही, तो दुसऱ्या जतन केलेल्या कॉप्यांवरून उभा केला. हे मी आधी वाचलं होतं तरी बघताना सारखं मनात येत होतं की आता जे दिसतंय ते जळक्यातलं की दुसरीकडचं, आणि कळत नाही. अजिबात कळत नाही.

मी ‘पथेर पांचाली’ कॉलेजात असताना बघितला होता, मोबाईलवर, कोणीतरी टाकलेली पिवळट प्रिंट. तेव्हा आवडला म्हणाले होते, कारण आवडला म्हणायचा असतो. या पावसाळ्यात सासूबाईंबरोबर बघितला. त्यांना इंग्रजी सबटायटल वाचता येत नाही, म्हणून मी बाजूला बसून मराठीत सांगत होते, अर्ध्या तासाने त्या म्हणाल्या, “अगं, गप बस जरा, मला कळतंय.” मग मी गप्प. म्हातारी इंदिर ठाकरुण येते तेव्हा त्या एकदम पुढे वाकल्या आणि म्हणाल्या, “तिच्या शालीला बघ किती भोकं.” मला कधीच दिसली नव्हती ती भोकं. मोबाईलवर ती म्हातारी म्हणजे एक राखाडी गठ्ठा होता. इथे शालीचा विरलेला धागा दिसतो, गालाच्या सुरकुत्यांत साचलेला उजेड दिसतो. नंतर पावसाआधी तळ्यावरचा तो सीन आहे ना, पाण्यावर निवळ्या पळतात आणि वर रविशंकरांची सतार, तिथे त्या हसल्या. आमच्या विहिरीत अशाच असतात म्हणे. बाहेर खरोखरीचा पाऊस चालू होता आणि कुठला आवाज आतला कुठला बाहेरचा हे मलाही सांगता आलं नसतं.

दुर्गाच्या, म्हणजे अपूच्या बहिणीच्या, वेळी काय झालं ते लिहीत नाही.

दुसरी ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’. १९६२ चा, ६५ एमएमवर शूट केलेला, आणि आताची फोर के कॉपी निगेटिव्हच्या ८ के स्कॅनवरून केलेली. जवळपास पावणेचार तास, आमच्याकडे दोन रात्रीत संपला. ओमर शरीफची एंट्री सगळ्यांना माहीत असते, वाळवंटात लांबून उंटावर एक काळा ठिपका येतो आणि येतच राहतो. हा सीन मी मुद्दाम दोन्हीकडे लावून बघितला, एकदा ऑनलाइन आणि एकदा डिस्कवर. ऑनलाइनमध्ये उन्हाची ती थरथर म्हणजे नुसती खदखदणारी पेज होती, आणि ठिपका त्यातून एकदम उगवतो. डिस्कवर थरथरीच्या आत तो आधीपासूनच असतो, दोरा हलावा तसा. म्हणजे विहिरीजवळच्या माणसाला दिसायच्या आधी तो आपल्याला दिसतो आणि मग पोटात गोळा येतो. दिग्दर्शकाने तो ज्या अंतरावर ठेवला त्या अंतरावर तो दिसला पाहिजे, एवढीच गोष्ट आहे, पण ५५ इंची टीव्हीवर ती डिस्कशिवाय जमत नाही असा माझा अनुभव.

‘सेव्हन सामुराय’ची नवी फोर के कॉपी २०२४ ला आली, फ्रान्समधल्या कानच्या चित्रपट महोत्सवात आधी दाखवली होती. २०७ मिनिटं. सासूबाईंनी आधी नाक मुरडलं, जपानी आणि काळापांढरा. मग शेतकऱ्यांची पंचाईत सुरू झाल्यावर, दरोडेखोर पीक कापून झाल्यावरच येणार, आत्ता येऊन काय नेणार, हे त्यांना आमच्यापेक्षा आधी कळलं. सांगलीकडचं माहेर. दिग्दर्शक कुरोसावाने स्वतःच मध्यंतर ठेवलंय, संगीतासकट, ते कापू नका, चहा ठेवा. शेवटची चिखलातली लढाई तर मी दुसऱ्या दिवशी नुसती तेवढीच परत बघितली. जुन्या प्रिंटमध्ये तो पाऊस म्हणजे पडद्यावरचे ओरखडे वाटायचे. इथे पाऊस पाऊस वाटतो, ओरखडे गेलेत, पण ग्रेन तसाच ठेवलाय.

हा ग्रेन म्हणजे काय तर फिल्मच्या कणांची ती बारीक वळवळ. आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, टीव्ही खराब आहे का, मुंग्या येतायत. नाही काका, फिल्म अशीच असते. कंपन्यांना पण काकांसारखीच गिऱ्हाईकं भेटतात, म्हणून मग त्या कॉम्प्युटरने ग्रेन पुसतात, आणि ग्रेनबरोबर त्वचेची छिद्रं, कपड्याचं विणकाम, सगळं पुसलं जातं. चेहरे मेणाचे होतात. याचं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे २०२४ च्या मार्चमध्ये आलेल्या जेम्स कॅमेरॉनच्या ‘एलियन्स’, ‘द अबिस’ आणि ‘ट्रू लाईज’ या जुन्या सिनेमांच्या फोर के डिस्क. यावर जगभर भांडणं झाली, कॅमेरॉनने स्वतः बाजू घेतली. मी ‘ट्रू लाईज’ मैत्रिणीकडे बघितला. श्वार्झनेगरचा चेहरा इस्त्री केल्यासारखा दिसतो आणि मागच्या भिंतीच्या कडा मात्र चाकूने कोरल्यासारख्या. मैत्रिणीला आवडला. भांडलो नाही, तिच्याकडे जेवायला गेले होते.

यावरून एक कळलं की कव्हरवर ‘डायरेक्टर अप्रूव्ह्ड’ लिहिलं म्हणजे डोळे मिटून घ्यायचं असं नाही. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार वाय, त्याच्या सिनेमांचा २०२१ चा संच बघा. त्याने स्वतः बसून रंग बदलले, आणि ‘इन द मूड फॉर लव्ह’वर एक हिरवट छटा आली जी आधीच्या कॉपीत नव्हती. त्याचा सिनेमा, त्याची मर्जी, हे मान्य. पण मला आवडलेला सिनेमा २००० सालचा होता. तुमचा पहिल्यांदाच बघायचा असेल तर कदाचित खटकणार नाही, मला ते लाल पडदे आणि नायिकेचे चेओंगसाम, ते चिनी झगे, आठवतात तसेच हवे होते. माझ्या पश्चात्तापाच्या चारांत हा नाही, कारण घेतलाच नाही, दोन तास तुलनेचे फोटो बघून सोडला.

‘ओपनहायमर’बद्दल सगळे विचारतात. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये डिस्क आली आणि पहिल्याच आठवड्यात दुकानांतून संपली, यावरून काय ते समजा. घ्या, बिनधास्त. आयमॅक्सच्या सीनला चित्र वरखाली उघडतं, काळ्यापांढऱ्या भागासाठी कोडॅकने खास फिल्म बनवली होती ती दिसते. फक्त एक, यात ॲटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज येणारा प्रकार, नाही, साधा पाच स्पीकर आणि एक वूफरवाला ५.१ आहे, दिग्दर्शक नोलनचा हट्ट. त्या चाचणीच्या सीनला आधी शांतता आणि मग आवाज येतो ना, आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या आणि खालच्या मजल्यावरून फोन आला. रात्री अकराला लावू नका.

पश्चात्तापाच्या चार म्हणजे, एक ती ब्रिटनची न चालणारी, आणि तीन अशा की पिक्चर आवडता म्हणून घेतल्या आणि चौकशी केली नाही. तिन्ही गेल्या दहाबारा वर्षांतले, कॉम्प्युटर इफेक्टवाले. असल्या पुष्कळ सिनेमांचं काम २ केमध्येच पूर्ण केलेलं असतं आणि डिस्कवर तेच ताणून फोर के म्हणून देतात. वाईट दिसतं असं नाही, पण ऑनलाइनपेक्षा तीन हजार रुपयांनी चांगलं दिसत नाही. म्हणून आता माझा नियम असा की नवी डिस्क जाहीर झाली की आधी ती कशावरून केलीय ते बघायचं, मूळ निगेटिव्हवरून नवा स्कॅन आहे की जुन्याच मास्टरला रंगरंगोटी, आणि निघाल्यावर महिनाभर थांबायचं. घाई करणारे घेतात, फोटो टाकतात, शिव्या घालतात, ते आपण फुकटात वाचायचं. त्यामुळे ‘कुठला सिनेमा घेऊ’ हा प्रश्न माझ्याकडे नका आणू, ‘कुठली कॉपी घेऊ’ हा आणा. आणि स्टीलबुकच्या नादी लागू नका, पत्र्याच्या डब्यात तीच डिस्क असते, वर आमच्याकडच्या हवेत पत्र्याचं काय होतं ते गेटकडे बघून कळतं.

पैशांचं म्हणाल तर क्रायटेरियनच्या एका फोर केची छापील किंमत साधारण ४९.९५ डॉलर असते. एवढ्याला कोणी घेऊ नये. बार्न्स अँड नोबल या अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानात दरवर्षी जुलैमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये क्रायटेरियनवर अर्ध्या किमतीचा सेल लागतो, मावसभाऊ तेव्हा घेऊन ठेवतो आणि येताना आणतो. कुरियरने मागवलंत तर ड्युटी धरून हिशोब करा, मी एकदा डिस्कपेक्षा जास्त पैसे पाठवणावळ आणि कस्टममध्ये दिलेत आणि ते नवऱ्याला अजून माहीत नाही.

पावसाळ्याचा अनुभव मात्र कोकणातल्यांनी नीट वाचा. डिस्कला काही होत नाही, आतल्या पुस्तिकांना बुरशी येते. जूनच्या शेवटी अपूच्या संचातली पुस्तिका उघडली तर पानांना तो ओला वास. आता सगळ्या डिस्क पापडाच्या मोठ्या हवाबंद डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या, आणि डब्यावर सासूबाईंनी पट्टी चिकटवलीय ‘सिनेमा’, नाहीतर पोह्याचे पापड शोधताना रोज गोंधळ. तीन थरांच्या त्या शंभर जीबीच्या डिस्क जरा नाजूक असतात, बोटाचा डाग पडला तरी अडकतात. चष्म्याचं मऊ फडकं घ्या आणि मधून बाहेर सरळ पुसा, गोल गोल नाही. माझी एक डिस्क दोन तास दहा मिनिटांवर गोठायची, पुसल्यावर चालली. दुसरी कटकट म्हणजे लाईट. लाईट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालत नाही, आणि परत आल्यावर माझा प्लेयर कुठे होतो ते विसरतो. परत ती कॉपीराइटची सूचना बारा भाषांत, ती ढकलताही येत नाही, मग मेनू, मग शोधा. आता मी लाईट फडफडायला लागली की मिनिट कागदावर लिहून ठेवते.

प्लेयरबद्दल तक्रार म्हणाल तर एवढीच, डिस्क घातल्यापासून चित्र यायला मिनिटभर लागतो, आणि दोनदा असा हँग झाला की प्लग काढून घालावा लागला. मॉडेल विचारू नका, आता ते मिळतही नाही. पॅनासॉनिक आणि सोनीचे अजून मिळतात, घ्यायचा तर त्यांच्यातला बघा.

आता मराठी. हे लिहिताना राग येतो म्हणून शेवटी ठेवलं होतं. ‘सेव्हन सामुराय’ संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, “आता असा स्वच्छ ‘जैत रे जैत’ लाव.” १९७७ चा, जब्बार पटेलांचा. काय सांगणार? जळलेल्या बंगाली सिनेमाची डिस्क घरी आहे, आणि आपल्या न जळलेल्याची अशी डिस्क मी तरी दहा महिन्यांत कुठे बघितली नाही. घरात आहे ती व्हीसीडी. आठवतंय का, २००७ च्या आसपास मोझर बेअरने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी काढल्या, त्यामागोमाग सगळीकडेच स्वस्ताई आली, आणि आम्ही स्टेशनवरून पिशवी भरून आणायचो. व्हीसीडीत चित्र असतं ३५२ बाय २८८ चं, एका सीडीत सव्वा तासापर्यंत, म्हणून पिक्चर दोन तुकड्यांत. अमेरिकन प्लेयरने ती ओळखलीच नाही. माळ्यावरून जुना डीव्हीडी प्लेयर काढला, पिवळी-लाल-पांढरी वायर शोधली, लावला.

गाणी तशीच. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत, कान तृप्त. डोळ्यांना मात्र स्मिता पाटील म्हणजे दोन काळे चौकोन डोळ्यांच्या जागी. आणि ज्या मधमाश्यांवर अख्खा सिनेमा उभा आहे, ज्या नायकाचा, त्या नाग्याचा, डोळा घेतात, ज्यांच्यासाठी तो लिंगोबाचा डोंगर चढतो, त्या माश्या म्हणजे करड्या रंगाच्या फरशा, इकडून तिकडे सरकणाऱ्या. सासूबाईंनी हा सिनेमा तंबूत बघितलेला, जमिनीवर बसून. म्हणाल्या, तेव्हा माश्या दिसत होत्या. म्हणजे १९७७-७८ मध्ये जत्रेत फाटक्या तंबूतल्या पडद्यावर जे दिसत होतं ते आज माझ्या ५५ इंची टीव्हीवर दिसत नाही.

निगेटिव्ह कुठेतरी असेल, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात किंवा आणखी कुठे. २०२२ मध्ये सरकारने ३६३ कोटींची घोषणा केलीय, २२०० सिनेमे दुरुस्त करायची. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ‘मंथन’ केला, २०२४ ला कानला दाखवला आणि नंतर थेटरातही लावला, त्यात आपलीच स्मिता होती. म्हणजे करता येतं. पण थेटरात दोन दिवस लावून परत कपाटात ठेवला तर रत्नागिरीत बसून मला काय उपयोग. डिस्क काढा. महाग काढा, मी घेईन. माझ्यासारखे पाचशे तरी निघतील की नाही?

असो. यंदा मावसभाऊ परत गणपतीला येतोय, बॅगेत चार डिस्कची जागा आहे म्हणाला, पाचवी आणली तर त्याच्या बायकोचं काहीतरी राहील. जुलैचा सेल चालू आहे. ऋत्विक घटकांचा ‘मेघे ढाका तारा’ नक्की केला, उदय शंकरांचा ‘कल्पना’ क्रायटेरियनच्या ज्या जागतिक सिनेमाच्या चौथ्या संचात आहे तो जड आहे पण बघू, त्याने दोनाची जागा खाल्ली तर उरते एक. सासूबाई म्हणतायत जपानी चालेल, पण त्यात शेती हवी.